खिस्तींच्या घरातली माणसं

दिगंबर खिस्ती पहिल्यांदा आमच्या दारात आले, तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही. "तुमचा पंखा दोन मिनिटं बंद करा," एवढंच म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

एप्रिल महिना, रविवारची दुपार आणि नगरचं ऊन. मी जेवून आडवा झालो होतो. पण त्या आवाजात अशी सरकारी जरब होती, की मी उठून मुकाट्यानं बटण दाबलं. ते जवळजवळ धावतच आपल्या घरात गेले. दोन मिनिटांनी परत आले, "तुमचा नाही," म्हणाले आणि पलीकडच्या दारावर थाप मारायला निघून गेले.

"काय तुमचा नाही?" आतून सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं. मला तरी कुठं माहीत होतं!

संध्याकाळी उलगडा झाला. त्यांच्या घरातल्या कुठल्याशा यंत्रातून सारखा 'घूंऽऽ' असा आवाज येत होता आणि त्याचं मूळ आमच्यापैकीच कुणाच्या तरी घरात आहे, असा त्यांना दाट संशय होता. पुढच्या चार दिवसांत त्यांनी ओळीतले सगळे पंखे, दोन ट्यूबलाइट आणि सुभेदारांची इस्त्री तपासली. पाचव्या दिवशी घूं थांबली. दोष कुणाचा होता, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यावरून आम्ही ओळखलं.

सावेडीच्या रस्त्याला तेव्हा शेतं होती. त्यांच्या कडेला आमची चार घरांची बैठी ओळ. पहिल्या घरात निवृत्त सुभेदार जाधव, मूळचे खर्ड्याचे, पायदळात अख्खी नोकरी काढलेले. दुसऱ्यात मी, सुमन आणि दोन वर्षांची मुलगी. तिसऱ्यात हे खिस्ती. शेवटच्या घरात मोटार दुरुस्तीचं गॅरेज चालवणारे हुसेनभाई आणि त्यांचं मोठं कुटुंब. चार घरांत मिळून सतरा माणसं, आणि त्यांतलं एकटं राहणारं माणूस एकच.

खिस्ती वीज खात्यात मीटर तपासायला होते. लोकांनी मीटरला कुठं चिमटा लावलाय, कुठं चाक अडवलंय, हे शोधण्यात त्यांची वीस-बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे ते आधी गृहीत धरायचे आणि मग नमस्कार करायचे. उंच, किंचित पुढे वाकलेले, आणि मान एका बाजूला कललेली. सगळ्या जगाचं मीटर ते तिरक्या नजरेनं वाचत असावेत असं वाटे.

"असं त्यांचं म्हणणं," हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, "आज गुरुवार ना?" की ते म्हणणार, "असं कॅलेंडरचं म्हणणं." दूध ताजं आहे, हे गवळ्याचं म्हणणं. उद्या पाणी येणार, हे नगरपालिकेचं म्हणणं. एकदा मी कौतुकानं म्हणालो, "आमची मुलगी अगदी माझ्यावर गेलीय." खिस्तींनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "असं तुमचं म्हणणं," ते म्हणाले. सुमन आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यांच्या घरात तीन घड्याळं होती. दोन पुरली नसती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दोघांचं जमलं नाही तर निवाडा कोण करणार?" दिवाळीला आम्ही फराळाचं ताट दिलं. त्यांनी लाडू हातात घेऊन खालून पाहिला, अर्धा खाल्ला आणि अर्धा डब्यात ठेवून दिला. उद्या काही होतंय का बघायचं आणि मग उरलेला खायचा, असा बेत होता.

पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय होता तो ट्रान्झिस्टरवर.

त्या काळात गावोगाव ट्रान्झिस्टर पोचले होते. बांधावर, टपरीवर, सायकलच्या दांडीला, जिथं बघावं तिथं ते गात असायचे. खिस्ती मात्र व्हॉल्व्हचे. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असत, तापल्या की आत नारिंगी तार पेटायची, त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. भिंगार कॅम्पातल्या लष्करी भंगाराच्या लिलावातून असले व्हॉल्व्ह आणून त्यांनी आवाज मोठा करणारी दोन अवजड यंत्रं, म्हणजे अॅम्प्लिफायर, स्वतः बांधली होती. मला कुंपणावरून ते सांगत.

"व्हॉल्व्ह कसा, डोळ्यांना दिसतो. पेटला म्हणजे काम करतोय, विझला म्हणजे मेला. लपवाछपवी नाही. ट्रान्झिस्टर आत काय करतो, तुम्ही पाहिलंय?"

"नाही बुवा."

"कुणीच पाहिलेलं नाही. थंडगार बसलेला असतो. काम करूनही तापत नाही, असलं कुणी दिसलं की मी आधी त्याचं मीटर बघतो."

त्यामुळे पावसाळ्याच्या सुमारास खिस्तींनी चक्क एक ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर घरी आणला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. हुसेनभाईंच्या सायकलवरून खोकं आलं होतं. मी विचारल्यावर खिस्ती थोडे ओशाळले.

"मागच्या कामाला आणलाय," ते हळूच म्हणाले. "पुढच्या दोन कोपऱ्यांत व्हॉल्व्हचे स्पीकर, मागच्या दोन कोपऱ्यांत याचे. पुढच्यांनी गायचं. यानं नुसतं मागं बसून हं म्हणायचं."

"चार स्पीकर? एका खोलीत?"

"गाण्याला गेल्यावर आवाज काय फक्त समोरून येतो का? मागूनही येतो, कडेनंही येतो."

पण दोघांचं जमेना. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट घेणार, ट्रान्झिस्टर बटण दाबल्याबरोबर सुरू होणार. "आगाऊ आहे," खिस्ती म्हणत. व्हॉल्व्हचा आवाज भरदार, याचा चिरका. महिनाभर त्यांचं समेट घडवणं चाललं होतं. आमच्या मधल्या भिंतीतून रोज संध्याकाळी एकच ओळ कधी पुढून, कधी मागून, कधी दोन्हीकडून ऐकू यायची. शेवटी ट्रान्झिस्टरच्या खोक्याला त्यांनी मीटरला लावतात तसं शिशाचं सील ठोकलं. "आत कुणी काही फेरफार केला तर कळेल," म्हणाले. घरात ते एकटेच राहत होते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

गणपतीत शाळेच्या पटांगणात श्रीरामपूरहून एका बुवांचं गाणं ठेवलं होतं. खिस्ती एक परदेशी टेपरेकॉर्डर घेऊन आले. छावणीतून बदलून गेलेल्या कुणा अधिकाऱ्याकडून घेतलेला, मोठ्या फिरक्यांचा, डावा आणि उजवा आवाज वेगवेगळा टिपणारा. दोन बांबूंवर त्यांनी दोन माइक बांधले, एक लोकांच्या या टोकाला, एक त्या टोकाला. गाणं संपेपर्यंत ते कानांना हेडफोन लावून यंत्रापाशी वाकून उभे होते. कुणाकडे पाहिलं नाही, कुणाशी बोलले नाहीत. गाणं संपल्यावर वायरी गुंडाळल्या आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांचं वागणं बदललं.

ते लोकांच्या बोलण्यापाशी येऊन उभे राहायला लागले. नळावर बायका बोलत असल्या की हे दोन हात अंतरावर, मान कलती करून. हुसेनभाईंच्या गॅरेजबाहेर अर्धा अर्धा तास. मी एकदा दारात पाहुण्यांना "या ना आत, बसा," म्हणालो, तर खिस्ती रस्त्यावरून वळून आले.

"परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि चालू लागले. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "वीज खात्यातले." तेवढ्यानं त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

सुभेदारांचं मात्र झालं नाही. "ह्यो मानूस लई खोल हाय," ते मला म्हणाले. "माझ्या ओट्यापाशी येऊन उबा ऱ्हातो. आमी बोलतोय तवर कान टवकारतो. मी गप बसलो की जातो निघून. म्हनून आता तो दिसला की मी बोलतच न्हाई."

आणि मग खिस्तींच्या घरातून माणसांचे आवाज यायला लागले.

आधी सुमननं ऐकले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला. गाणं नाही, रेडिओवरचं बोलणंही नाही. चाळीस-पन्नास माणसं एकत्र बसल्यावर येते तशी कुजबूज. खोकला. बांगड्या. एखादी बाई हसल्यासारखी. मी भिंतीला कान लावला. खरंच होतं. ओट्यावर जाऊन पाहिलं, तर दार बंद, बाहेर चपलांचा एकच जोड.

"बाई आहे," सुमन म्हणाली.

"एक नाहीये. बऱ्याच आहेत."

"अगं बाई!"

त्यातच डिसेंबरात लढाई सुरू झाली. छावणीच्या गावात लढाई जरा जास्तच जवळची वाटते. लष्करी ट्रकांच्या रांगा जायला लागल्या, दिवेलागणीला खिडक्यांना काळे कागद लागले, आणि जो तो दुसऱ्याकडे निरखून पाहायला लागला. अशात एका संध्याकाळी सुभेदारांना खिस्तींच्या खिडकीच्या फटीतून नारिंगी उजेड दिसला. एक नाही, आठ-दहा ठिपके, ओळीनं.

"वायरलेस," सुभेदार माझ्या घरात येऊन खालच्या आवाजात म्हणाले. "मिल्ट्रीचं भंगार त्यानं कशाला नेलं, आता कळलं. आन् आत चार-पाच मान्सं तरी हायेत. आमी काय बोलतो ते ऐकतो आन् तिकडं सांगतो. तुमी अर्ज लिवा."

मी जिल्हा परिषदेत कारकून. अर्ज म्हटल्यावर माझा हात आपोआप चालतो. 'मे. फौजदारसाहेब यांस' पासून 'तरी योग्य ती चौकशी व्हावी' पर्यंत मी पाच मुद्दे सुवाच्य अक्षरात उतरवले. खरं सांगायचं तर लिहिताना मला मजा येत होती. एवढी महत्त्वाची गोष्ट मी आयुष्यात लिहिली नव्हती. सुभेदारांनी सही केली, मी केली. मग आम्ही हुसेनभाईंकडे गेलो.

त्यांनी अर्ज सावकाश वाचला आणि परत दिला.

"मी नाही सही करणार, साहेब," ते म्हणाले. "माणूस तऱ्हेवाईक आहे, कबूल. पण असल्या दिवसांत संशयाचा कागद कुणाच्या दारात जाऊन उभा राहील, सांगता येत नाही. उद्या कुणी माझ्या नावाचा अर्ज घेऊन तुमच्याकडं आला, तर काय कराल?"

तरी अर्ज मी दुसऱ्या दिवशी देऊन आलो.

शनिवारी साडेपाचला फौजदार आले, बरोबर एक हवालदार. आम्ही दोघे पंच म्हणून मागे. खिस्तींनी दार अर्धं उघडलं.

"आत कोण कोण आहे?" फौजदारांनी विचारलं.

"मी एकटाच."

"असं तुमचं म्हणणं," फौजदार म्हणाले आणि आत शिरले.

मी त्या घरात पहिल्यांदाच जात होतो. समोरच्या खोलीत चार कोपऱ्यांत चार लाकडी पेट्या, मधोमध एकच खुर्ची. पुढच्या भिंतीशी पत्र्याच्या दोन बैठकींवर व्हॉल्व्हच्या रांगा. मागे जमिनीवर ते सील ठोकलेलं खोकं. आतली खोली रिकामी. हवालदारानं मोरीतही बघून घेतलं. बाई नव्हती, बुवा नव्हता, कुणीच नव्हतं.

"मग माणसांचे आवाज कसले येतात?"

खिस्तींनी आमच्याकडे एकदा पाहिलं. मग टेपरेकॉर्डरच्या फिरक्या लावल्या आणि एक खटका खाली केला.

आमच्या पाठीमागे माणसं बोलायला लागली. फौजदार गर्रकन वळले. मागे भिंत होती. खोकला, बांगड्या, "जरा सरका की", मूल रडतंय, कुणीतरी पानाची चंची उघडतंय. पुढचे व्हॉल्व्ह तोवर थंडच होते. हळूहळू त्यांच्यात नारिंगी तारा उजळल्या, आणि अर्ध्या मिनिटानं समोरून श्रीरामपूरच्या बुवांचा आवाज उमटला. आता आम्ही सगळे शाळेच्या पटांगणात होतो. हवालदारानं नकळत टोपी काढून हातात घेतली.

"हे तर आपलं गनपतीचं गानं!" सुभेदार म्हणाले.

खिस्तींनी आवाज कमी करून फौजदारांना समजावलं, ऑफिसात खुलासा देतात तसं. बुवा मधोमध बसले होते, त्यामुळे दोन्ही माइकांत सारखे आले. माणसं कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला. डाव्यातून उजवं वजा केलं, की दोघांत सारखं असलेलं उडून जातं. बुवा जवळजवळ नाहीसे होतात. उरतात ती आजूबाजूची माणसं. ती मागच्या यंत्राला द्यायची.

"म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी इथं बसून..." फौजदार थांबले.

"पुढचं बंद करतो बऱ्याचदा," खिस्ती म्हणाले. "बुवा बेताचेच होते."

त्यांनी पुढचा खटका उचलला. व्हॉल्व्ह विझत गेले. मागे फक्त माणसं राहिली. मला सुमनचा आवाज आला, "अहो, हिला घ्या जरा, पायाला मुंग्या आल्यात." हुसेनभाई कशाला तरी मोठ्यांदा हसले. खिस्ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे आता ऐका.

"ओ खिस्ती!" मागच्या डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी हाक मारली. आवाज तुटक, बुवांच्या तानेच्या उरल्यासुरल्या कण्या त्यावर पडत होत्या. "या की हितं. जागा हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "अवो खिस्तीसायब! या, बसा की. केली जागा."

टेपवर त्या हाकेला कुणी उत्तर दिलं नाही. खिस्तींनी टेप थांबवला.

"साहेब, आलाच आहात तर याचा तपास करा," ते फौजदारांना म्हणाले. "मी तीन महिने करतोय. कानांना हेडफोन होते, त्या वेळी मला हे ऐकू आलं नाही. घरी येऊन बुवा वजा केले तेव्हा सापडलं. मग नळावर ऐकलं, गॅरेजवर ऐकलं, सगळ्यांचे आवाज ताडून पाहिले. एकदा वाटलं सुभेदार असतील. पण ते मला बघितलं की बोलायचेच बंद होतात. मग ते कशाला बोलावतील?"

सुभेदारांनी घसा खाकरला. त्यांचे गाल लाल झाले होते.

"माझाच हाय," ते म्हणाले. "माझ्या बाजूला सतरंजी मोकळी व्हती. तुमी मगाधरनं वाकून उबे. म्हटलं, मानूस अवघडला आसंल."

"मग मी आलो नाही."

"न्हाई आला. बघितलं सुदिक न्हाई. मला वाटलं, लई शिष्ट हाय."

"तसंच वाटणार," खिस्ती म्हणाले.

फौजदारांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलत चला," एवढं बोलून ते हवालदाराला घेऊन गेले. सुभेदार जायला वळले, पण उंबऱ्यापाशी घुटमळले. "परत एकदा लावता का? माझा आवाज असा येतो व्हय?" खिस्तींनी फिरकी मागे घेतली. सुभेदारांनी खाली मांडी घालून स्वतःची हाक तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा म्हणाले, "न्हाई, बरा हाय," आणि घरी सांगायला गेले.

मी राहिलो. जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

"अर्ज मी लिहिला होता," मी म्हणालो.

खिस्ती टेपच्या फिरक्या काढून डब्यात ठेवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फौजदारांच्या हातात कागद पाहिला तेव्हाच अक्षर ओळखलं. तुमचा 'ळ' चांगला असतो."

"मला माफ करा."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय का पाहिलं, मग उगाचच पुन्हा उघडलं.

"यात वहिनींचा आवाज आहे," ते म्हणाले. "छोटीचाही आहे. पुढं एका ठिकाणी ती बुवांच्या मागोमाग 'आ' लावते. त्यांना ऐकायला आवडेल का?"

"विचारतो."

"उद्या आणा. पाचला." जरा थांबून म्हणाले, "किंवा सहाला. त्यांच्या सोयीनं. मी घरीच असतो."

आणि त्या एकाच खुर्चीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडच्या दोन खुर्च्या तेवढ्या मिळतील का?"